सुई मधोमध गेली आणि कॅन्सर कडेला होता

काका एमआरआयला आले तेव्हा फाइलमध्ये बायोप्सीचा रिपोर्ट आधीच लावलेला होता. नेक्रोटिक, म्हणजे मेलेला, टिश्यू, सोबत सूज आलेल्या पेशी, मॅलिग्नन्सी (कॅन्सर) दिसत नाही, अशी ती ओळ आणि तिच्या खाली मुलाने हिरव्या पेनाने दोनदा रेघ मारलेली. रिपोर्ट हातात पडला त्या दिवशी घरी पेढे आणले होते असं त्यांची सून नंतर बोलता बोलता म्हणाली. मी रेडिओलॉजिस्ट, एमआरआयचे रिपोर्ट लिहिणारी, आणि मला तेव्हापासून ही केस नीट लिहून काढायची होती, कारण त्या रिपोर्टमध्ये चूक एकही शब्द नव्हता, सुई जिथे गेली तिथलं खरंच तेवढंच होतं, पण त्याचा अर्थ सगळ्यांनी भलताच लावला.

तर केस अशी. वय ६१, बडोद्यात दांडिया बाजारच्या बाजूला राहणारे, रिटायर्ड (ओळख पटू नये म्हणून इकडचं तिकडचं थोडं बदललंय). दीड महिना उजव्या कुशीत जडपणा, संध्याकाळी कणकण, भूक गेलेली, वजन सहा किलो उतरलेलं. बाहेर एका ठिकाणी सोनोग्राफी झाली, लिव्हरच्या उजव्या बाजूला सहा सेंटिमीटरच्या वरची गाठ, आतून विरघळल्यासारखी, म्हणून ‘अ‍ॅबसेस?’ (पू साठलेली गाठ) असं लिहून आलं. आता आपल्याकडे ताप आणि उजव्या कुशीत दुखणं म्हटलं की अमिबाचा अ‍ॅबसेस पहिल्यांदा डोक्यात येणारच, त्यात गैर काही नाही, मीही तेच लिहिलं असतं. अमिबावरचं मेट्रोनिडाझोल सुरू झालं, सुई घालून चार एमएल चॉकलेटी रंगाचं घट्ट काहीतरी निघालं, कल्चरमध्ये काही वाढलं नाही. अमिबाच्या अ‍ॅबसेसमध्येही बॅक्टेरियाचं कल्चर बऱ्याचदा कोरंच येतं, त्यामुळे कोणाला खटकलं नाही. दहा दिवसांनी गाठ तेवढीच, म्हणून बायोप्सी, आणि मग तो हिरव्या रेघेचा रिपोर्ट.

मला मात्र फाइल चाळताना खटकलं ते सीबीसीचं पान. हिमोग्लोबिन ८.७, एमसीव्ही (लाल पेशींचा आकार) ६८, म्हणजे पेशी लहान. साठीच्या पुरुषाला लोहाच्या कमतरतेचा अ‍ॅनिमिया आहे म्हणजे रक्त कुठूनतरी झिरपतंय असंच आधी धरायचं, आणि ते बहुतेक पोटातून. त्यावर लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, का झालं ते कोणी विचारलंच नव्हतं. अमिबाची सेरॉलॉजी (रक्ताची तपासणी) निगेटिव्ह, अल्कलाइन फॉस्फटेज हे लिव्हरचं एन्झाइम वाढलेलं. हे सगळं एका माणसाच्या डोळ्याखाली एका वेळी आलं असतं तर कदाचित तिथेच उलगडा झाला असता, पण कागद तीन वेगळ्या ठिकाणचे, तीन वेगळ्या तारखांचे, आणि एकत्र बघायला कोणाला वेळ नाही.

एमआरआयच्या दिवशी एक गोष्ट घडली ती सांगते कारण तिच्यावर बरंच अवलंबून होतं. आमच्या मशीनमधला श्वास धरा-सोडा सांगणारा रेकॉर्ड केलेला आवाज हिंदीतला, काकांना एका कानाने कमी ऐकू येतं आणि वर हेडफोन, तर पहिल्या दोन सिक्वेन्सला त्यांनी श्वास मधेच सोडला आणि चित्र सगळं हललेलं. कॉन्ट्रास्ट (चित्र उजळवणारं औषध) एकदाच देता येतं, आणि आर्टिरियल फेज (औषध धमन्यांतून लिव्हरला पोचतं तेव्हाचं चित्र) तर औषध शिरेत गेल्यावर तीस-पस्तीस सेकंदांनी जी येते ती आलीच, पुन्हा घ्या म्हणता येत नाही. म्हणून मी रेकॉर्डिंग बंद करायला लावलं आणि स्वतः माइकवर बसले. आधी दोनदा सराव करून घेतला. काका, श्वास घ्या, सोडा, आता धरून ठेवा, ठेवा, ठेवा, झालं, सोडा. ‘अगं बाई, हे आधी सांगायचं ना,’ असं आतून ऐकू आलं. पुढचे चारही फेज काचेसारखे स्वच्छ आले.

आता चित्रात काय होतं. लिव्हरमध्ये एक नाही तर तीन गाठी. सगळ्यात मोठी सेगमेंट सातमध्ये (लिव्हरच्या भागांना असे नंबर असतात) ६.२ सेंटिमीटर, दुसरी सेगमेंट सहामध्ये २.४, आणि तिसरी डाव्या बाजूला सेगमेंट तीनमध्ये जेमतेम १.१, जी सोनोग्राफीत कोणाला दिसलीच नव्हती. टी-वन आणि टी-टू ही एमआरआयची दोन प्रकारची चित्रं. टी-वनवर तिन्ही काळ्या. टी-टूवर मोठी गाठ करड्या-पांढऱ्या रंगाची, आणि मधे तर काही ठिकाणी चक्क काळपट. इथे पहिली शंका पक्की होते, कारण अ‍ॅबसेसमधला पू किंवा साधी सिस्ट टी-टूवर चांगली लख्ख दिसते, आणि मोठ्या आतड्याच्या मेटास्टेसिसच्या, म्हणजे तिथून पसरून आलेल्या कॅन्सरच्या गाठीच्या, पोटात जी कोअ‍ॅग्युलेटिव्ह नेक्रोसिस असते, म्हणजे पेशी मेल्यात पण विरघळून पाणी झालेलं नाही, ती अशी काळपट दिसू शकते.

मग डिफ्यूजन बघितलं आणि माझ्यापुरता प्रश्न तिथेच मिटला. डिफ्यूजनमध्ये पाण्याचे कण कुठे मोकळे फिरतायत आणि कुठे अडकलेत ते कळतं. पू घट्ट असतो, त्यात पाणी अडकतं, म्हणून अ‍ॅबसेस बहुतेक वेळा मधून चमकतो. ट्यूमरमध्ये उलटं, जिवंत पेशी जिथे खेटून बसल्यात तिथे पाणी अडकतं, म्हणजे कडेला, आणि मेलेला मधला भाग मोकळा. काकांच्या गाठीत कड चमकत होती आणि मध विझलेला, एडीसी मॅपवर (डिफ्यूजनचाच हिशोब दाखवणारं चित्र) बरोबर त्याच जागी कड काळी. दोन्ही आजारांत कॉन्ट्रास्ट दिल्यावर रिंगच दिसते हो, म्हणून नुसती रिंग दिसली एवढ्यावर काही सांगता येत नाही, ती कुठे चमकते आणि पुढे तिचं काय होतं ते बघावं लागतं.

पुढे काय झालं ते असं. आर्टिरियल फेजला गाठीभोवती सलग, जाड, ओबडधोबड रिंग उजळली. लिव्हरच्या स्वतःच्या मांसाला सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल व्हेनमधून (आतड्याकडून येणारी शीर) येतं आणि उरलेलं हिपॅटिक आर्टरीतून (लिव्हरची धमनी), पण मेटास्टेसिस मुख्यतः आर्टरीवर जगतो, म्हणून त्याची जिवंत कड आधी पेटते आणि बाकी लिव्हर मागून येतं. हिमॅन्जिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची साधी गाठ, असता तर रिंग तुटक, गोळ्यागोळ्यांची दिसली असती आणि हळूहळू आतपर्यंत भरत गेली असती. इथे उलट झालं, पाच मिनिटांनंतरच्या चित्रात बाहेरची रिंग मधल्या भागापेक्षा काळी पडली आणि मधे थोडं थोडं कॉन्ट्रास्ट साचायला लागलं. याला पेरिफेरल वॉशआउट म्हणतात आणि हे दिसलं की मी कॅन्सर सोडून दुसरं काही लिहायला धजत नाही. बाहेर जिवंत पेशी आणि भरपूर रक्तवाहिन्या, औषध आलं तसं वाहून गेलं, आत घट्ट तंतू, तिथे औषध उशिरा शिरतं आणि शिरलं की अडकून बसतं.

रिपोर्ट लिहिताना मी इंप्रेशनच्या (निष्कर्षाच्या) खाली एक जादा ओळ टाकली. पुन्हा बायोप्सी करायची झाली तर मधून घेऊ नका, पुढच्या-बाहेरच्या कडेला रिंग ११ मिलिमीटर जाड आहे, तिथून घ्या, आणि सुई थोड्या चांगल्या लिव्हरमधून घाला म्हणजे रक्त आलं तर तिथेच दाबलं जाईल. सोबत हेही लिहिलं की आतडं बघा.

कॅन्सर सर्जनने खरं तर कोलोनोस्कोपी आधी करायची ठरवली होती आणि ते बरोबरच होतं, कारण आतड्यात प्रायमरी, म्हणजे मूळ कॅन्सर, सापडली आणि लिव्हरचं चित्र इतकं टिपिकल असलं तर लिव्हरला सुई लावायची गरजच नसते, सुईच्या वाटेवर पेशी सांडायचा धोका असतो आणि गाठ कापून काढता येण्यासारखी असेल तर तो का घ्या. पण काकांना कोलोनोस्कोपीची तयारी दोनदा सोसली नाही, उलट्या झाल्या, आणि घरच्यांचा त्या जुन्या रिपोर्टवर इतका भरवसा की पुढची पायरी चढायला ते तयारच नव्हते. मुलगा माझ्यासमोर बसून म्हणाला, मॅडम, एका रिपोर्टमध्ये कॅन्सर नाही म्हणतात, दुसऱ्यात आहे म्हणतात, आम्ही कोणाचं ऐकायचं? मी त्याला कागदावर एक गोल काढून दाखवला, मधे रेघोट्या मारल्या, कडेला ठिपके, आणि सुई रेघोट्यांत नेली. म्हटलं, पहिल्या वेळी इथलं आलं, हे मेलेलं आहे, ते खरंच आहे, पण मारलं कोणी ते कडेला बसलंय. तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला आणि मग कागद घडी करून खिशात घालून घेऊन गेला.

बायोप्सी आमच्याकडे झाली, सोनोग्राफीखाली, पण शेजारच्या स्क्रीनवर एमआरआय उघडा ठेवून. १८ गेजची सुई, चार तुकडे, चारही कडेचे. पहिल्या वेळचे तुकडे म्हणे पिवळट आणि ठिसूळ होते, बाटलीत टाकताच भुगा झाला होता. हे चार पांढरट, अख्खे, फॉर्मलिनमध्ये सरळ दोऱ्यासारखे तळाला गेले. ज्यांनी हात घातलाय त्यांना माहितीय, तुकडा बाटलीत कसा पडतो त्यावरून निम्मा रिपोर्ट कळतो. तीन दिवसांनी आला, उंच पेशींच्या ग्रंथी, चाळणीसारख्या, पोकळीत ‘डर्टी’ नेक्रोसिस, म्हणजे मेलेल्या पेशींचा कचरा, आणि पेशी मुळच्या कुठल्या ते सांगणाऱ्या तपासण्यांत सीके २० आणि सीडीएक्स २ पॉझिटिव्ह, सीके ७ निगेटिव्ह. मोठ्या आतड्यातूनच आलेला. नंतर थोडी हळू तयारी करून कोलोनोस्कोपी झाली आणि सिग्मॉइडमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटाकडच्या वळणात, गाठ मिळाली, तिथूनच रक्त झिरपत होतं. सीईए (रक्तातला ट्यूमर मार्कर) ८६.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. अमिबाचा अ‍ॅबसेस जरी असता तरी अमिबा मधल्या पुवात क्वचितच सापडतो, तो भिंतीला चिकटून असतो. म्हणजे अ‍ॅबसेस असो की मेटास्टेसिस, लिव्हरच्या गाठीत नुसता मधला भाग काढून तपासला आणि काही मिळालं नाही म्हणून निश्चिंत झालो, असं करून चालत नाही. ‘फक्त नेक्रोसिस’ याचा अर्थ अर्धा रिपोर्ट. पॅथॉलॉजिस्टने खाली एवढं जरी लिहिलं की जिवंत टिश्यू मिळाला नाही, कडेचा सँपल पाठवा, तर पेढे आले नसते.

पुढे फॉलफॉक्स या कीमोच्या चार सायकल झाल्या, मग पुन्हा एमआरआय, या वेळी गॅडोक्झेटिक अ‍ॅसिड वापरून. हे महाग कॉन्ट्रास्ट आहे, पण ऑपरेशनच्या आधी किती गाठी आणि कुठे हे नक्की ठरवायला ते लागतंच, कारण चांगल्या लिव्हर पेशी हे औषध आत ओढून घेतात, जवळपास निम्मं पित्तातून बाहेर टाकतात, आणि वीस मिनिटांनी सगळं लिव्हर पांढरं होतं. मेटास्टेसिसमध्ये लिव्हर पेशी नसतात, तो काळा भोक पाडल्यासारखा दिसतो. तिन्ही गाठी आक्रसल्या होत्या, ४.१, १.५ आणि ०.८. पहिलीला रिंग होती पण पातळ. दुसरीला रिंग चांगली ठसठशीत. तिसरीला रिंग अजिबात नाही, वीस मिनिटांच्या चित्रात नुसता काळा ठिपका, डिफ्यूजनवर फिकट चमक. मी लिहिलं की पहिल्या दोनमध्ये जिवंत ट्यूमर उरलाय, तिसरी बहुतेक औषधाने गेलीय, तरीही काढावी. हे शेवटचे दोन शब्द लिहिले म्हणून आज मला बरं वाटतंय.

ऑपरेशनमध्ये आतड्याचा भाग आणि लिव्हरचे दोन तुकडे निघाले, उजवीकडचा मागचा मोठा आणि सेगमेंट तीनचा लहान. सर्जनने वरच्या टोकाला लांब दोरा आणि पुढच्या बाजूला आखूड दोरा बांधून दिला होता, ही मागणी आमच्या पॅथॉलॉजिस्ट मैत्रिणीची. ती मला नेहमी रागावते की तू नुसतं ‘लिव्हर एसओएल’ (लिव्हरमधली गाठ) लिहून पाठवतेस आणि मी अंधारात कापत बसते, तर या वेळी म्हणाली, लॅपटॉप घेऊन ये, जशी तुझी चित्रं तशाच मी पोळ्या कापते. फॉर्मलिनच्या वासाने डोळे चुरचुरत होते. मोठ्या तुकड्याच्या वरच्या पृष्ठभागावर गाठीच्या जागी बेंबीसारखा खळगा पडलेला होता, आत मांस मरून आक्रसलं की कॅप्सूल असं आत ओढलं जातं. तिने आडवा काप घेतला आणि काप उघडताच माझं आर्टिरियल फेजचं चित्र समोर. कड करडी-पांढरी आणि बोटाला घट्ट लागणारी, मध पिवळा, चुनखडीसारखे खडे असलेला, बोट लावलं की सुटणारा. फरक एवढाच की मापं जरा लहान, कारण रक्त निघून गेलेलं असतं आणि फॉर्मलिनमध्ये तुकडा आक्रसतो, त्यामुळे मिलिमीटरला मिलिमीटर जुळवायचा हट्ट करू नये.

खरा धडा मात्र मायक्रोस्कोपखाली मिळाला. एमआरआयवर जी मला एक रिंग दिसते ती एक नाहीच. मोठ्या गाठीत बाहेरून आत जाताना आधी दाबलं गेलेलं लिव्हर, पेशींच्या रांगा चपट्या झालेल्या आणि सायनुसॉइड (पेशींच्या रांगांमधल्या बारीक रक्तवाटा) रक्ताने फुगलेले. मग लिम्फोसाइट्सचा (पांढऱ्या पेशींचा) पट्टा, त्यात नवीन बारीक रक्तवाहिन्या. मग तंतूंचा पट्टा, डेस्मोप्लास्टिक. आणि त्याच्या आत जिवंत ग्रंथी, फक्त दोन मिलिमीटर. त्यानंतर नेक्रोसिस आणि फायब्रोसिस. २००० सालीच सेमेल्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘रेडिओलॉजी’ जर्नलमध्ये एमआरआय आणि स्लाइड जुळवून लिहिलं होतं की मेटास्टेसिसच्या भोवतालचा उजळणारा भाग हा डेस्मोप्लास्टिक रिअ‍ॅक्शन, सूज आणि नव्या रक्तवाहिन्यांशी जुळतो. वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं, पण आपल्याच पेशंटच्या काचेवर स्वतःच्या डोळ्यांनी बघेपर्यंत ते डोक्यात उतरलं नव्हतं.

आणि म्हणूनच दुसऱ्या आणि तिसऱ्या गाठीत मी चुकले. दुसरीच्या ठसठशीत रिंगमध्ये एकही जिवंत ग्रंथी नाही, सगळं ग्रॅन्युलेशन टिश्यू (जखम भरतानाचं मांस), फेसाळ मॅक्रोफेज (मेलेलं खाऊन टाकणाऱ्या पेशी) आणि तंतू. म्हणजे रक्तवाहिन्या होत्या, कॉन्ट्रास्ट आलं, पण तो साफसफाईला आलेला जमाव होता, कॅन्सर नव्हता. तिसरी, जी मी बहुतेक गेली म्हटलं, ती आरपार जिवंत. तिच्याभोवती तंतूंचा पट्टाच नव्हता, ट्यूमरच्या पेशी लिव्हर पेशींना ढकलून न देता त्यांच्याच रांगेत शिरून त्यांची जागा घेत चालल्या होत्या आणि लिव्हरच्याच सायनुसॉइडचं रक्त वापरत होत्या. याला रिप्लेसमेंट ग्रोथ पॅटर्न म्हणतात, आणि डेस्मोप्लास्टिकच्या मानाने याचं भवितव्य वाईट. आता जिथे नवीन वाहिन्या नाहीत, सूज नाही, पट्टा नाही, तिथे रिंग उजळणार कुठून? काळा ठिपका तेवढा दिसला कारण लिव्हर पेशींची जागा गेली होती. वीस मिनिटांचं चित्र घेतलं नसतं तर ती गाठ मला धड दिसलीही नसती.

मैत्रीण स्लाइड सरकवत म्हणाली, अगं, तू रिंग शोधतेस, मी पेशी शोधते, दोन्ही एकच असतात असं धरून चालायचंच नाही. मी तिच्याकडून त्या तीन स्लाइडचे फोटो घेतले आणि तिन्ही चित्रांशेजारी लावून ठेवलेत. कीमोच्या आधी रिंग म्हणजे बायोप्सीची जागा, हे माझं मत अजूनही पक्कं आहे. कीमोनंतर मात्र रिंग आहे म्हणून जिवंत आणि रिंग नाही म्हणून मेलेलं, असं मी आता रिपोर्टमध्ये लिहीत नाही. डिफ्यूजन काय म्हणतंय, वीस मिनिटांनी काळं राहतंय का, आधीच्या चित्रात होतं का, हे लिहिते आणि जी गाठ एकदा होती ती जागा सर्जनला सेगमेंटसकट दाखवून ठेवते, दिसेनाशी झाली तरी.

उरलेल्या लिव्हरबद्दल एक बारीक गोष्ट. गॅडोक्झेटिकच्या चित्रात उजवीकडचं लिव्हर जाळीदार, ठिपक्याठिपक्यांचं काळपट दिसत होतं आणि स्लाइडवर तिथे सायनुसॉइड फुगलेले निघाले, फॉलफॉक्समधल्या ऑक्झालिप्लॅटिनचा परिणाम. हे ऑपरेशनच्या आधी मी सर्जनला फोनवर सांगितलं होतं, त्यामुळे त्यांनी किती लिव्हर मागे ठेवायचं त्याचा हिशोब जरा हात राखून केला.

काका परवा तीन महिन्यांच्या एमआरआयला आले होते. कापलेल्या कडेला एक पातळ, गुळगुळीत रेघ उजळते, डिफ्यूजन स्वच्छ, वीस मिनिटांच्या चित्रात नवीन काळा ठिपका नाही. सीईए ३.१. हिमोग्लोबिन १२.४. माइकवर मी काही बोलायच्या आधीच आतून आवाज आला, ‘धरलाय श्वास, चालू करा.’ मुलाच्या पाकिटात तो गोलाचा कागद अजून आहे, घडीवर फाटत आलाय, आणि तो मला म्हणाला की आता तीन गोल काढून द्या, बाकीच्या दोघांचं मला नीट कळलं नाहीये. काढून दिले.